वीतभर झेंडे आणि मनगटाएवढे दांडे

नेरहून माझ्या बहिणीच्या गावाला जायला तीन एसट्या बदलाव्या लागतात. नेर ते यवतमाळ, यवतमाळ ते महागाव, महागाव ते फुलसावंगी, आणि तिथून पुढे ऑटो. तिन्ही गाड्यांत शेजारच्या बाईने मला विचारलं, की मांडीवर एवढं जाड पुस्तक घेऊन आजी निघाल्या कुठं. तिघींनाही मी सांगितलं, की वर्षावासाचे शेवटचे पाच दिवस राहिले आहेत, बहिणीच्या गावच्या विहारात ग्रंथ वाचणारे म्हातारबाबा आजारी पडले, म्हणून वाचायला चालले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आषाढाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत आम्हा बौद्धांच्या विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. पावसापाण्याचे दिवस, शेतातली माणसं दमून येतात, हातपाय धुऊन बसतात आणि एकजण वाचतो. आमच्या नेरच्या विहारात ते काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी शाळेत गेलेली नाही. चाळिशी आली तेव्हा पोरांच्या जुन्या पाटीवर अक्षरं गिरवली, अन् मग जे हाती लागेल ते वाचत सुटले. म्हणून मी जरा सावकाश वाचते. लोक म्हणतात त्यामुळे समजतं.

तर बायांना सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं कांताने, माझ्या धाकट्या बहिणीने, फोनवर सांगितलं होतं. "बाई, ग्रंथ वाचाले तं येच. पण आल्यावर सिद्धार्थशी बोलजो. मायं ऐकत नाई तो."

सिद्धार्थ तिचा एकुलता एक. तिशी ओलांडलेला, कापसाचा टेम्पो चालवतो. आणि झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी वारावादळाच्या एका संध्याकाळी विहारावरचा पंचरंगी झेंडा जळालेला दिसला. तासाभरात सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो, अन् खाली लिहिलेलं, की मशिदीच्या गल्लीतल्या पोरांनी जाळला. कोणी लिहिलं ते आजवर कळलं नाही. दहाबारा पोट्टे उठले, मशिदीच्या गल्लीत गेले, तिथल्या गॅरेजचं टिनाचं शेड पेटवलं. गॅरेजवाला रफिक बाहेर येऊन "ऐका तं, ऐका तं" म्हणत होता. त्याच्याच दुकानातला पाना कोणीतरी त्याच्या डोक्यात मारला. दोन दिवसांनी लाईनमन आला, शिडीवर चढला, आणि झेंड्याची दोरी विजेच्या तारेत कशी अडकली अन् कशी पेटली ते सगळ्या गावाला दाखवून गेला. तोवर रफिक यवतमाळच्या दवाखान्यात पोचला होता. पोलिसांनी अज्ञात इसम लिहून घेतलं. पाना कोणी मारला ते ना या गल्लीने सांगितलं, ना त्या.

आता पौर्णिमेला विहारातून मिरवणूक निघणार, मशिदीसमोरून जाणार, अन् त्या दिवशी दोन्हीकडून तयारी आहे असं सगळं गाव बोलत होतं. सिद्धार्थ त्या दिवशी त्या गल्लीत होता की नव्हता, हे तो आईलाही सांगत नव्हता.

मी पांढरं लुगडं पिशवीत टाकलं अन् निघाले.

महागावच्या स्टँडवर

रस्त्याचं फार सांगत नाही. आर्णीच्या पुढे डोंगर जवळ येतात, सागाची झाडं दिसू लागतात, आणि काळ्या मातीत जागोजाग फुटलेला कापूस. रस्त्याच्या एका बाजूला सोयाबीन वाळत टाकलेलं, ड्रायव्हर त्याला वळसा घालून गाडी नेतो, शिव्याही देतो. महागावला फुलसावंगीच्या गाडीत जागा धरून मी पाणी प्यायला उतरले अन् नळावर अशी गर्दी, की परत येईतो गाडी जागेवर नाही. माझा ग्रंथ सीटवर. बघते तर गाडी दुसऱ्या फलाटाला लागलेली, आणि माझ्या शेजारची तांड्यावरची बंजारा बाई ग्रंथ डोक्यावर धरून खिडकीतून मला हाका मारत होती. खाली ठेवायचा नाही एवढं तिला माहीत होतं, कशाचा आहे ते माहीत नव्हतं. मग तिने ओच्यातल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. तिची बोली मला अर्धी कळत होती, माझी तिला अर्धी. फुलसावंगीपर्यंत आम्ही दोघी भरपूर बोललो.

कांताने अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर अन् ठेचा करून ठेवला होता. आमच्याकडे अंबाडीत तुरीची डाळ घालतात, तिकडे कण्या घालतात, वरून लसणाची फोडणी. मी दोन भाकरी खाल्ल्या. सिद्धार्थ आला, "जयभीम मावशी" म्हणाला, तब्येतीचं विचारलं, आणि मोबाईल वाजला तसा बाहेर गेला. कांता माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आज नाही, आधी वाचू दे.

दुसरा दिवस

सकाळी पीठ चाळायची चाळणी शोधत मी कोठीच्या मागे हात घातला तर हाताला बांबू लागले. एकाला एक लावून सुतळीने बांधलेले, वर गोणपाट. एक ओढून काढला. माझ्या मनगटाएवढा जाड, वरून गाठी तासलेल्या. बाजूला पिशवीत मिरवणुकीचे झेंडे होते, प्रत्येक वीतभर. अकरा झेंडे, अकरा दांडे.

मी तो दांडा घेऊन ओट्यावर गेले. सिद्धार्थ टेम्पो धूत होता. मी विचारलं, हा झेंडा हातात धरायचा आहे की दोघांनी खांद्यावर न्यायचा.

तो न बघताच म्हणाला, "वारं लय असते मावशी."

"वारं झेंड्याले लागते. दांड्याले नाई लागत."

तो हसला नाही. पाण्याचा पाईप बंद केला, दांडा माझ्या हातातून घेतला अन् पुन्हा कोठीमागे ठेवून आला. वर मला म्हणाला, की तू ग्रंथ वाचायला आलीस न, ग्रंथ वाच.

दुपारी दोघंजण मोटरसायकलवर आले. या गावचे नव्हते, तालुक्याचेही नव्हते. पोरांना घेऊन विहाराच्या भिंतीला टेकून तासभर बसले. मी समोरून दोनदा गेले. आत कोणी आलं नाही, चप्पल कोणी काढली नाही. संध्याकाळी वाचन सुरू झालं तेव्हा ते निघून गेलेले. मी बायांना विचारलं, हे दोघं वर्षावासात एकदा तरी बसले का. एक म्हणाली, "नाई व माय, थे फक्त पार्किंगमंदी असतात."

त्या संध्याकाळी वाचून झाल्यावर मी सांगितलं, उद्या सकाळची वंदना झाली की मी रफिकच्या आईला भेटायला जाणार आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं. एकीला वाटलं, गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. दुसरीला वाटलं, हाकलून देतील. कांता म्हणाली, तुला या गावात पाच दिवस राहायचंय, आम्हाला जन्मभर. तिचं चूक नव्हतं. तरीही सकाळी चौघी तयार होत्या, अन् चौथी कांता होती.

नूरबीच्या दारात

इथे आमची एक चूक झाली, ती आधी कबूल करते.

वंदनेला आम्ही पांढरी लुगडी नेसतो. वंदना संपल्या संपल्या तशाच निघालो, कारण घरी जाऊन कपडे बदलायला गेलो असतो तर दोघी तरी परत आल्या नसत्या. म्हणजे आम्ही पाच बाया, पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर पदर, एकामागे एक, सकाळी नऊला मशिदीच्या गल्लीत. आता त्या गावातल्या मुसलमानांनी आम्हाला पांढऱ्यात दोनच वेळा पाहिलेलं. एक विहारात, दुसरं मयतीला. विहार तर मागे राहिला.

नूरबी, रफिकची आई, दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्याच वयाची. तिने मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि सूप तिच्या हातातून पडलं. ती उठली नाही, ओरडली. "माझा रफिक गेला, या बाया सांगाले आल्या, माझा रफिक गेला."

पाच मिनिटांत गल्ली भरली. जळक्या शेडच्या मागून पोरं धावत आली, एकाच्या हातात लोखंडी नळी. कांताने माझा दंड घट्ट धरला. काय झालंय ते कळायलाच मला वेळ लागला. मी खाली बसले, सांडलेल्या तांदळातच, आणि नूरबीचे दोन्ही हात धरले. म्हटलं, माय, कोणी गेलं नाही, आम्ही भेटायला आलो, तुझी शपथ. ती ऐकेचना. तिची सून आतून तिच्यासाठी चहा घेऊन येत होती, त्या गडबडीत अख्खा पेला माझ्या लुगड्यावर सांडला. भाजलं, पण हात सोडले नाहीत.

तेवढ्यात मशिदीतून हाफिजजी आले. पन्नाशीचा बारीक माणूस, बोलणं हळू. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला अन् फोन नूरबीच्या कानाजवळ धरला. पलीकडून रफिक झोपेतल्या आवाजात म्हणाला, "अम्मी, क्या हुआ? चाय पी रहा था मैं."

नूरबी फोनकडे बघे, माझ्याकडे बघे. मग लुगड्यावरच्या चहाकडे बघितलं अन् हसायला लागली, रडत रडतच. म्हणाली, "बाई, एवढं पांढरं नेसून कोणी बिमाराच्या घरी येते काय? माझाच जनाजा उठला असता." गल्लीतली दोनचार माणसंही हसली. नळीवाल्याने नळी भिंतीला लावून ठेवली. ती ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

मग आम्ही बसलो. चहा पुन्हा आला, सोबत खारी. सांडलेले तांदूळ आम्ही पाच अन् त्या दोघींनी मिळून वेचले. बोलणं जे झालं ते मुख्यतः वेचतानाच झालं. मी म्हटलं, आमच्या पोरांनी केलं, लाज वाटते, म्हणून आले. तिने विचारलं, कोणी मारलं ते माहीत आहे का. मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं. कांताने मान खाली घालून एक एक दाणा उचलला, अन् मला आत कुठंतरी टोचलं.

हाफिजजी ओट्यावर बसले होते. त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडची पोरंही काही कमी नाहीत, मशिदीच्या गच्चीवर गिट्टी चढवून ठेवली होती. जुम्म्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ज्याच्या हातात मला दगड दिसला त्याचा निकाह मी पढणार नाही, आणि दुसऱ्या गावच्या कोणाला पढूही देणार नाही. पोरं बिनलग्नाची. दुसऱ्या दिवशी गिट्टी खाली उतरली. "अन् जिन्याची किल्ली या खिशात हाय," ते म्हणाले. "पौर्णिमेला गच्चीवर कोणी चढणार नाई, याची जिम्मेदारी माझी. आपा, तुमच्याकडे काय हाय?"

माझ्याकडे काय आहे. परत येताना वाटभर तेच डोक्यात. मी काही भिक्खू नाही. माझ्या सांगण्यावर कोणाचं लग्न अडत नाही. कांताच्या घरात अकरा दांडे आहेत, एवढं मला माहीत होतं, अन् ते मी हाफिजजींना सांगितलं नव्हतं.

चौथा दिवस

त्या दिवशी मी सिद्धार्थला गाठलंच. तो सोयाबीनने भरलेल्या कट्ट्यांवर बसून जेवत होता. मी समोर बसले अन् विचारलं, त्या दिवशी तू होतास का.

तो वेगळंच बोलला. "मावशी, आपले झेंडे कोणी कधी जाळले नाई का? आपली घरं? दर वेळी आपणच गप बसाचं, काहून?"

"यावेळी तं वायरनं जाळला."

"यावेळी वायर निघाली."

पोरगं चूक बोलत नव्हतं, हेच अवघड होतं. मी लहान असताना आमची वस्ती एकदा पेटवली होती. कारण एवढंच, की आमच्या बापाने मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. मी त्याला ते सांगितलं. आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कांतालाही नाही, ती तेव्हा पोटात होती. सांगितलं, की जळालेल्या घराचा वास महिनाभर जात नाही. भात शिजवला तर भाताला येतो, केस धुतले तर केसांना येतो. "काल त्या गल्लीत गेली अन् तो वास मले लगेच ओळखू आला. टिनाचा असो की कुडाचा, एकच येते. तूही ओळखला असशील, तू नसशील तरी तुये दोस्त तिथं होते."

तो ताटातला भात चिवडत राहिला. मग उठला, ताट धुतलं, टेम्पो काढला अन् गेला.

मला वाटलं, हरले मी. कांताही तेच म्हणाली. संध्याकाळी ग्रंथ वाचताना मात्र माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. वंदनेआधी रोज पंचशील घेतात. एकजण देतो, बाकीचे मागून म्हणतात. म्हातारबाबा आजारी, तर चार दिवस ते मीच देत होते. आणि चारही दिवस मी भराभरा म्हणून पुढे गेले होते. सगळे तसंच करतात. पाठ असतं ना. मागच्या रांगेत कोण म्हणतं, कोण नुसते ओठ हलवतं, कोणी बघितलंय?

मी वाचन संपवलं अन् बायांना सांगितलं, उद्या सकाळी प्रत्येकीने घरून चांगल्या लांब तुराट्या आणा. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, कुडाला लावतात त्या. हलक्या, सरळ, आणि कोणाच्या पाठीत घातली तर तीच मोडते. बायांना काही सांगावं लागलं नाही. एकीने विचारलं, "अकराच ना बाई?" म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं.

पौर्णिमा

विहार गच्च भरला होता. पुढे बाया, मध्ये म्हातारे, मागे पोट्टे. दारामागे अकरा दांडे टेकवून ठेवलेले, झेंडे बांधलेले. बाहेर रस्त्यावर ती मोटरसायकल. कांता पहिल्या रांगेत, सिद्धार्थ मागे भिंतीला टेकून.

मी पहिलं शील म्हटलं. पाणातिपाता वेरमणी. जीवहिंसा करणार नाही. बायांनी म्हटलं, म्हाताऱ्यांनी म्हटलं. मागून आवाज आला नाही.

मी थांबले.

एक मिनिट गेलं असेल. वर पंखा कुरकुरत होता. एका लेकराने पाणी मागितलं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं. एक म्हातारा खाकरला अन् हळूच म्हणाला, बाई, दुसरं घ्या. मी म्हटलं, बाबा, पहिलं झालं नाही, दुसरं कसं घेऊ.

मग मी मागच्या रांगेकडे बघून बोलले. आवाज चढवला नाही, चढवायला येतही नाही मला. सांगितलं, की शील जबरदस्तीने देत नाहीत, मागून घ्यावं लागतं. ज्याला नको त्याने उठून जावं, त्याला कोणी नावं ठेवणार नाही. पण ज्याने पहिलं शील घेतलं नाही त्याच्या हातात आज विहाराचा झेंडा जाणार नाही. मला घाई नाही. माझी गाडी उद्याची आहे.

अन् मी डोळे मिटून बसले.

किती वेळ बसले ते मला सांगता येत नाही. नंतर कोणी पाव तास म्हणालं, कोणी अर्धा. गुडघे दुखायला लागले होते एवढं आठवतं. मागच्या रांगेतले दोघं उठून गेले, पावलं ऐकली, मागोमाग बाहेरची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज. मी डोळे उघडले नाहीत. मग एका कोपऱ्यातून एक आवाज आला, चाचरत, पाणातिपाता. मग दुसरा. मग तिघं एकदम. मी मनात मोजत होते. आठ झाले. नववा यायला वेळ लागला. तो आवाज मला पाळण्यापासून माहीत होता.

दुसरं शील घेतलं, सगळ्यांनी म्हटलं. तिसरं घेतलं. मला वाटलं, जिंकलो. चौथं घेतलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. आवाज आले, पण आठच. नववा नाही.

मी डोळे उघडले. सिद्धार्थ उभा होता.

"मावशी, हे मले म्हणता येत नाई," तो म्हणाला. "रफिकभाईच्या डोक्यात पाना मी मारला."

कांताने पदराचा बोळा तोंडात धरला. मला आधीपासून माहीत होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. सांडलेल्या तांदळापाशी कांताचं तोंड पाहिलं तेव्हापासून मी ते माहीत करून घ्यायचं टाळत होते, हे त्याचं खरं उत्तर.

मी म्हटलं, "आता सांगितलंस न. मंग आता म्हण."

त्याने म्हटलं. पाचवं शील सगळ्यांनी मिळून घेतलं.

झेंडे सोडून तुराट्यांना बांधायला दहा मिनिटं लागली. मिरवणूक मशिदीसमोरून गेली तेव्हा गच्ची मोकळी होती. हाफिजजी दारात उभे होते, हात खिशावर. वारं खरंच खूप होतं, त्यात सिद्धार्थ खोटं बोलला नव्हता. दोन तुराट्या मशिदीसमोरच मोडल्या, आणि नूरबी आपल्या दारातून म्हणाली, "अव बाई, झेंड्याले काडी तं धड द्याची." मी म्हटलं, एवढीच पुरते. ती हसली. सिद्धार्थने काय कबूल केलं ते अजून तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दुपारी तोच जाऊन सांगून आला. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले, आत गेले नाही. तो बाहेर आला तेव्हा गालावर पाच बोटं उठलेली होती. म्हणाला, रफिकभाईच्या अम्मीने मारलं. मग पाणी दिलं.

तिथून आम्ही दोघं महागावच्या ठाण्यात गेलो. कांता आली नाही.

परत

कांता त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "तू वाचाले आल्ती का मायं घर फोडाले?" तिने बोलावलं होतं पोराला वाचवायला, मी त्याला ठाण्यात पोचवून निघाले. ती तिच्या जागी बरोबर आहे. मी पुन्हा त्या जागी बसले, तर पुन्हा तसंच थांबेन, हेही तिला सांगितलं. तिने तोंड फिरवलं.

सकाळी ती मला फाट्यावर सोडायला आली नाही. ऑटोत एकटीच बसले. फुलसावंगीला गाडीला वेळ होता म्हणून चष्मा काढायला पिशवी उघडली, तर वर पांढरं लुगडं. चहाच्या डागासकट चुरगाळून तळाशी कोंबलं होतं मी. ते धुतलेलं होतं, नीळ घातलेली, घडी अशी की इस्त्री केल्यासारखी. डाग जवळजवळ गेला होता. खाली अंबाडीच्या वाळल्या पाल्याची पुडी. तिने हे कधी केलं असेल, मला कळलंही नाही.

आता हे लिहिते आहे, तर त्या सगळ्याला तीनचार महिने झाले. सिद्धार्थला जामीन मिळाला. ते मोटरसायकलवाले पुन्हा दिसले नाहीत म्हणतात, दुसऱ्या कुठल्या गावी जात असतील. उठून गेलेले दोघं अजून विहारात आलेले नाहीत, ते मला खातं. जाड दांड्यांवर कांताने वालाचा वेल चढवला आहे. ती फोनवर बोलते आता, शेंगांचं सांगते, पोराचं मी विचारल्याशिवाय नाही.

रफिक बरा आहे, डोक्यावर खूण राहील. केस चालू आहे, आणि महागावच्या कोर्टाला वेळेवर पोचवणारी सकाळची गाडी एकच. त्यामुळे तारखेच्या दिवशी फिर्यादी अन् आरोपी एकाच एसटीत. पहिल्या तारखेला एक पुढे बसला, एक मागे. दुसऱ्या तारखेलाही तसंच. गेल्या तारखेला बाजाराची गर्दी होती, जागा एकच उरलेली, रफिकच्या शेजारी. सिद्धार्थ उभा राहिला. तीन किलोमीटर उभा राहिला म्हणे. मग रफिकने खिडकीकडे सरकून घेतलं.

बोलले काही नाहीत. कांताने मला दोनदा सांगितलं, बाई, बोलले नाई काही. पण महागावपर्यंत बसले.

पुढच्या वर्षावासाला मी तिकडे जाणार आहे. म्हातारबाबा बरे असले तरी जाणार. पहिलं शील आता मी सावकाश देते, नेरलाही. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचून परत येईतो थांबते.